विहिणीच्या हातचा ब्रेड

११ जानेवारी
सकाळी लातूरहून ऋतूचा फोन. चौथा महिना संपत आला तरी पोरीच्या उलट्या थांबायचं नाव नाही. मी नांदेडहून पाठवलेल्या धपाट्यांचा डबा उघडला आणि लगेच झाकला म्हणे. सोबतच्या येसराच्या आमटीच्या वासाने तर बेसिन गाठावं लागलं. माझा जीव खालीवर. तर म्हणते, "मम्मी, काळजी करू नको. आईंनी घरी ब्रेड केलाय, तो पोटात टिकतोय."

आई म्हणजे तिची सासू. माझ्या विहीणबाई. (रोज एवढं लांब लिहायला हात दुखेल. पुढे वि.बा.) सासूला आई म्हणायचं हे मीच शिकवून पाठवलं होतं, सासू खूश राहते म्हणून. आता आहे खूश.

मागोमाग फोटो आला. ओट्यावर ब्रेड आणि बाजूला वि.बांचा हात, बांगड्यांसकट. फोटोत हात कशाला यायला हवा होता?

ह्यांना दाखवला. "बरं झालं की," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. बरं काय झालं त्यात.

१३ जानेवारी
डोक्यातून जात नाही. पोरीला डोहाळे लागावेत आणि ते सासूच्या हातच्या खाण्याचे लागावेत. जन्मापासून माझ्या हातचं खाऊन वाढली. माझी पुरणपोळी खायला भोकरहून माझे भाऊ-भावजया मुद्दाम येतात. आणि हिच्या पोटात टिकतं काय, तर ब्रेड.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे ठरलेलंच आहे, रीतच आहे. पण आज बोलता बोलता म्हणाली, "तिकडं आल्यावर मी खाऊ काय गं?" हसत म्हणाली. मला नाही आलं हसू.

कुणाला सांगणार नाही, इथे लिहून ठेवते. मला भीती वाटते की ती येणारच नाही.

१६ जानेवारी
वजिराबादेत जाऊन यीस्ट आणलं. दुकानदार विचारतो, केकचं सामान दाखवू का. नको म्हटलं, मला काही वाढदिवस करायचा नाही.

मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावला. ती बोलतेच फार. "पाणी गरम घ्या" एवढं ऐकलं आणि बंद केला. गरम पाणी मला शिकवते. माझा जन्म ज्वारीच्या पिठात आधण ओतण्यात गेला. चांगली खळखळ उकळी आणली, पिठात ओतली, यीस्ट त्यातच, उलथन्याने कालवलं आणि निवल्यावर मळलं. भाकरीसारखं. वर फडकं झाकलं.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. गोळा ठेवला तसा. मध्येच बोट खुपसून पाहिलं, बोटाचा खड्डा तेवढा पडला.

तरी भाजला. कुकरच्या तळाला मीठ पसरलं, रिंग-शिट्टी काढली, डबा आत ठेवला. बाहेर काढल्यावर सुरी जाईना. शेजारच्या रझियाभाभी वाटी परत द्यायला आल्या होत्या. हातात धरून म्हणाल्या, "मंगलताई, दाराला लावायला बरा आहे. वाऱ्याने आपटतंय तुमचं दार."

दोघी हसलो. त्या गेल्यावर मी नाही हसले.

१९ जानेवारी
व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला. उकळतं नाही, कोमट. बोटाला सोसेल एवढंच. यीस्ट जिवंत असतं म्हणे, उकळत्या पाण्याने मरतं. म्हणजे मी परवा एवढ्या जिवांना आधणात घातलं. शाकाहारी घरात.

थंडी आहे म्हणून आज पातेलं इन्व्हर्टरवर ठेवलं, तो गरम असतो. हे शाळेतून आले. "इन्व्हर्टरवर काय करून राहिलीस?"
"उबवतेय."
"काय?"
फडकं उचलून पाहिलं. थोडं फुगलं होतं. ब्रेड झाला, पण घट्ट, आणि वास कच्च्या पिठाचा. ह्यांनी चहात बुडवून खाल्ला. "खारी म्हणून चांगली आहे," म्हणाले. मी ब्रेड केला होता.

संध्याकाळी ऋतूचा मेसेज. आईंनी आज ब्रेडमध्ये ओवा घातला, मस्त लागला. मी अंगठा पाठवला.

२ फेब्रुवारी
चार-पाच वेळा करून झाला. कधी मध्ये चिकट, कधी वर चीर. रझियाभाभी म्हणतात, त्यांच्या बकरीला आता आमच्या घराची ओळख पटलीय.

वि.बांना फोन करून एकदा विचारलं की संपलं, असं हे म्हणतात. ह्यांना काय जातंय म्हणायला. एकदा विचारलं की तिचा वरचष्मा जन्मभर. "मंगलताईंना म्या शिकविलं." मला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

८ फेब्रुवारी
लातूरला जाऊन चोरओटी भरून आले. पाचवा महिना, आईने गाजावाजा न करता जाऊन भरायची. हिरवा खण, नारळ, तांदूळ, फळं. ऋतूच्या गालांवर जरा मांस आलंय. बघून डोळे भरले, आणि लगेच मनात आलं, हे मांस कुणाच्या ब्रेडचं.

वि.बांनी ताट आणलं. ब्रेडचे दोन तुकडे, वर साय-साखर. "घ्या की ताई, तोंडात तरी टाका."

म्हटलं, "नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्न घेत नाही आमच्यात. माझ्या आईने तर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं." चहा चालतो असं मात्र मी ऋतूच्या लग्नापासूनच ठरवून टाकलंय.

"आमच्यात बी हाय की ती रीत. पण आता कोण एवढं पाळतंय." त्यांनी ताट उचललं नाही, तिथेच ठेवलं. मी चहा पीत त्या ताटाकडे बघत बसले. कडा तपकिरी, मध्ये बारीक जाळी. ऋतूने बोटाने दाबून दाखवला, दबला आणि पुन्हा वर आला. वास घेतला. वासाला रीत आड येत नाही.

ऋतूला हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. वि.बा. शेजारणीला कुंकवाला बोलवायला गेल्या. मी कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात. फ्रीज उघडला. स्टीलच्या डब्यात पिठाचा गोळा. ऋतूने मागे सांगितलं होतं, आई दर वेळी थोडं पीठ मागे ठेवतात, विरजणासारखं, त्यानेच पुढचा ब्रेड चांगला होतो. उदगीरला त्यांच्या माहेराशेजारी बेकरी होती, तिथे पाहिलेलं. लिंबाएवढा तुकडा तोडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पर्समध्ये टाकला. चोरओटीला गेले आणि चोरी करून आले.

मागितलं असतं तर काय झालं असतं? विरजण आपण शेजारीपाजारी मागतोच. पण हिच्याकडे हात पसरायचा म्हणजे... जाऊ दे. चोरून आणलेलं रोप लवकर लागतं म्हणतात.

बसमध्ये चाकूरपर्यंत काही नाही. खिडकीतून ऊन मांडीवर, पर्सही मांडीवर. अहमदपूरच्या पुढे शेजारची बाई म्हणाली, "मावशी, तुमची पर्स फुगून राहिली की." चेन उघडली. पिशवी फुटली होती. गोळा रुमालावर, चष्म्याच्या घरावर, सुट्ट्या नाण्यांना चिकटलेला. आंबूस वास. पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. "लेकीच्या घरचं विरजण आहे," म्हटलं. खोटं कुठे होतं ते.

घरी येऊन चिकटलेलं सगळं खरवडून वाटीत काढलं. नाण्यांवरचं सोडून.

९ फेब्रुवारी
ऋतूचा फोन. "मम्मी, एक विचारू?" चोराच्या मनात चांदणं. तर विचारलं काय, हिरव्या खणाचं ब्लाउज इथेच शिवू की तिकडे. शिव बाई कुठेही.

१५ मार्च
झाला. झाला एकदाचा. चोरलेल्या गोळ्यातून वाढवत वाढवत आजचा हा तिसरा. कापला तेव्हा जाळी दिसली आणि मी ओट्याजवळ उभी राहून एकटीने दोन तुकडे खाल्ले, काही न लावता. रझियाभाभींनी घरचं लोणी आणलं. "आता बकरीला काय देणार ताई?"

जावईबापू डाळमिलच्या कामाने नांदेडला आले होते, त्यांच्याबरोबर पाठवला. कापडात गुंडाळून, वर डबा. जावई म्हणाले, "मम्मी, घरी आहे की ब्रेड." म्हटलं, असू द्या.

१६ मार्च
दिवसभर फोनकडे लक्ष. दुपारी आला.

"मम्मी, ब्रेड भारी झालाय. दोन तुकडे खाल्ले, काही त्रास नाही."

मी म्हटलं, खा गं माझी बाय. मग ती म्हणाली, "अगदी आईंसारखा लागतो. डिट्टो."

लागणारच. पीठच त्यांचं.

फोन ठेवून आडवी पडले. संध्याकाळी हे म्हणाले, डोकं दुखतंय का. हो म्हटलं. एवढं करून शेवटी मी तिच्याच हातचं पोरीला पाठवलं. माझं काय होतं त्यात? मीठ.

१२ एप्रिल
काल लातूरला डोहाळजेवण. फुलांची वाडी, पाळणा, सगळं वि.बांनी केलं, चांगलं केलं, नाव ठेवायला जागा नाही याचाही राग आला. मी साडी, फळं, पुरणपोळ्यांचा डबा आणि माझा ब्रेड नेला होता. वि.बांनी माझा ब्रेड त्यांच्या ब्रेडशेजारी ताटात मांडला. कोणता कुणाचा, बायकांना कळेना. एकीने माझा उचलला आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या हाताला चव हाय बघा." वि.बांना. वि.बा. म्हणाल्या, "तो विहीणबाईंचा." तोपर्यंत ती बाई पुढच्या ताटाकडे वळली होती.

वि.बा. माझ्या ब्रेडकडे जरा जास्तच निरखून बघत होत्या. वास घेतला. मग ताट पुढे केलं.

ठरलं आहे, पंचवीस तारखेला ऋतूला घेऊन यायचं. इकडची खोली तयार. बाज आणली, दोरी ताणून घेतली. डिंक आणला, खारीक फोडून ठेवली. भिंतीला चुना मारून झाला. दोन महिने ती माझी, मग सव्वा महिना दोघं माझी. त्यात वि.बा. नाहीत, त्यांचा ओव्हन नाही.

२१ एप्रिल
डॉक्टर म्हणाले प्रवास नाही. बाळाची वार खाली आहे. खड्ड्यांच्या रस्त्याने नांदेडपर्यंत नेणं धोक्याचं. झोपून राहायचं, पुढे बहुतेक ऑपरेशन.

आधी एकच मनात आलं. ऋतू, बाळ. देवाजवळ बसले.

मग तासाभराने दुसरं मनात आलं, ते लिहायची लाज वाटते पण लिहिते. डॉक्टर वि.बांच्या उदगीरच्या ओळखीतले आहेत. ह्यांच्याजवळ बोलले तर हे कधी नव्हे ते ओरडले. "वार विहिणीनं खाली ओढली का?"

बरोबरच आहे त्यांचं. तरी सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा माझा.

रिकाम्या खोलीत बाजेवर बसून राहिले.

२३ एप्रिल
हे म्हणतात, तू जाऊन राहा. विहिणीच्या दारात? महिना-दीड महिना? आणि खाऊ काय?

"खा की त्यांच्याकडंच. कोणत्या जमान्यात आहेस?"

नाही. एवढं एकच माझ्याजवळ राहिलंय तिला नाही म्हणायला.

२७ एप्रिल, लातूर
आले. बरोबर पीठ, डाळ, तांदूळ, तिखट, तेलाची बाटली आणि कुकर. ह्यांनी बसमध्ये चढवून दिलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बिऱ्हाड हलवलं का?"

वि.बांनी सामान बघितलं. राग येईल वाटलं होतं. त्यांनी ओट्याची खिडकीकडची बाजू रिकामी केली. "ही तुमची. गॅसची डावी शेगडी तुमची." झालं. तेवढंच बोलल्या. त्यावरही काही बोलायला जागा ठेवली नाही.

ऋतू पलंगावर कुशीवर. मला बघून रडली. मी पाय चेपत बसले. पायाला सूज आहे. लहानपणी शाळेतून आल्यावर चेपायचे, तसेच धरले.

३ मे
एका ओट्यावर दोघी. त्यांचा ब्रेड ओव्हनमध्ये, माझा कुकरात. त्या सकाळी करतात, म्हणून मी पहाटे उठते. आज उठले तर त्या आधीच पीठ मळत होत्या. एकमेकींना "झोप झाली का" असं विचारलं.

माझं मळणं त्या बघतात. मी पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबते, पाटावर आपटून, तेलाचा हात लावून, पुन्हा आपटून. "एवढं कशाला झोडपायलात त्याला?" म्हणाल्या. म्हटलं, तार सुटली पाहिजे. आज माझा जास्त मऊ झाला. दोघींनाही कळलं. ऋतूने माझा खाल्ला, एक तुकडा जास्तीचा मागितला.

वि.बांनी त्यांचा कापडात गुंडाळून ठेवला, जावई आणि व्याह्यांसाठी. तोंड उतरलं होतं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

११ मे
ऊन असं की ओट्याचा दगड तापतो. पाणी आज आलंच नाही, टँकर बोलावला. पीठ झाकून अंघोळीला गेले आणि येईपर्यंत पातेल्याबाहेर. उतू गेलेलं, आंबट. वि.बांचंही तसंच. थंडीत इन्व्हर्टरवर उबवत होते त्याची आठवण आली.

दोघींनी पुन्हा मळलं. दुपारी ऋतूसमोर दोन ताटल्या. माझी डाव्या हाताला, त्यांची उजव्या हाताला. ऋतू दोन्हींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्यासाठी करता की एकमेकींसाठी?"

मी माझी ताटली जरा पुढे सरकवली.

"डावा खाल्ला की आईंचं तोंड. उजवा खाल्ला की मम्मीचं तोंड. मी खाताना तुमच्याकडं बघत असते, घास जात नाही. मला टोस्ट आणून द्या. दुकानातला. कुणीच न केलेला."

जावयांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून टोस्टचा पुडा आणला. तिने चहात बुडवून सहा-सात खाल्ले, भिंतीकडे तोंड करून.

१२ मे
टोस्ट.

१४ मे
अजून टोस्टच. वि.बा. आणि मी ओटा पुसत असतो. पुसलेला पुन्हा पुसतो.

१८ मे
आज दुपारी ऋतू झोपली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, पंखा नाही, पदराने वारा घेत. वि.बांनी फ्रीजमधून तो स्टीलचा डबा काढला, गोळ्याचे दोन भाग केले, एक माझ्यासमोर ठेवला.

"घ्या. या टायमाला डब्यात न्या. पिशवीत फुगतंय ते."

वारा घेणारा पदर मी खाली सोडला.

"ओटीच्या दिवशी झाकणावर हळदीचं बोट होतं, आन् ओट्यावरची प्लॅस्टिकची पिशवी गायब. घरात त्या दिवशी हळद कोण लावत होतं? तुम्हीच की. आन् डोहाळजेवणात तुमचा ब्रेड बघितला, वास घेतला. आपल्या हातचं विरजण कळत न्हाई का माणसाला?"

"मग तेव्हाच बोलायचं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"काय बोलू? विहिणीला चोर म्हणू? ऋतूला काय वाटलं असतं?" गोळ्यावरचा वाळलेला पापुद्रा नखाने काढायला लागल्या. "ताई, मला लेक न्हाई. एकच पोरगं. ही आली, आन् तिला माझ्या हातचं काय बी आवडंना. तुमचे धपाटे, तुमचं येसर, तुमचं पुरण. सणाला माझ्या पोळ्या खाताना म्हणायची, मम्मी जरा वेलदोडा जास्त घालते. दोन वरसं ऐकलं म्या. मग तुमचं खाणं तिला नको झालं आन् माझा ब्रेड चालाया लागला, तवा लई आनंद झाला मला. पोरगी ओकून ओकून अर्धी झाली होती आन् मला आनंद."

फोटोतला बांगड्यांचा हात आठवला.

गोळा घेतला. या वेळी मागून नव्हे, चोरूनही नव्हे. दिलेला.

तरी एक खरं लिहिते. त्यांचं ऐकून वाईट वाटलं, आणि 'मम्मी जरा वेलदोडा जास्त घालते' हे ऐकून आतून गार वाटलं. दोन्ही एकदमच.

२० मे
एकच ब्रेड केला. मळला मी, भाजला त्यांच्या ओव्हनमध्ये, मीठ-साखर-प्रमाण त्यांचं. ऋतूने विचारलं, "कुणाचा?" दोघी एकदम म्हणालो, "घरचा." तिने संशयाने बघितलं. अर्धा तुकडा खाल्ला. टोस्टचा पुडा उशाशीच ठेवलाय अजून.

मी मात्र माझी भाकरी-भाजी वेगळीच करते. वि.बा. म्हणाल्या, "मळलेला तुम्हीच की." म्हटलं, पीठ तुमच्या घरचं आहे.

२७ मे
पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं. हे रविवारी येणार.

आता खरी गोष्ट. दवाखान्यातून ऋतू कुठे जाणार? माझी खोली चुना मारून बसलीय. वि.बांनी इकडची मागची खोली धुऊन घेतली, मला न सांगता. बाजही आणलीय. मी तिची दोरी हाताने ताणून पाहिली, सैल आहे.

डॉक्टर म्हणतात, टाके असताना लांबचा प्रवास नको, पण आठ-दहा दिवसांनी हळू गाडीने चालेल. म्हणजे दोन्ही होऊ शकतं. ऋतूला विचारायची कुणाची हिंमत नाही. टोस्ट आठवतात.

आज दोघींनी शेंगदाणे निवडताना एकमेकींकडे न बघता विचारलं. मी म्हटलं, "रीत माहेरची आहे." त्या म्हणाल्या, "हाय. पण बाळंतिणीसाठी केलेला माझा दूध-भात कोण खाईल मग?" आम्ही चांगल्या बोलतो आता, पण हे बोलणं आलं की हात थांबतात.

१ जून, दवाखाना
बाहेरच्या बाकावर बसून लिहिते. वही मांडीवर, अक्षर वेडंवाकडं.

सकाळी नेली आत. जाताना स्ट्रेचरवरून तिने एक हात मला दिला, एक वि.बांना. मी न राहवून विचारलंच, "मग पुढे नांदेडला..." वि.बा. लगेच, "आत्ता कशाला?" ऋतू म्हणाली, "बाहेर आल्यावर सांगते. तोपर्यंत भांडू नका. आणि दोघी काहीतरी खा, चेहरे बघा." दार लागलं.

हे आणि जावई औषधं आणायला गेलेत. व्याही गेटजवळ फेऱ्या मारतायत. बाकावर आम्ही दोघीच.

वि.बांनी पिशवीतून डबा काढला. ब्रेड. पहाटे एकट्यांनीच केला, मी अंघोळीला होते तेव्हा. म्हणजे मळलेला पण त्यांनीच. एक तुकडा माझ्यापुढे धरला.

"नातवंड झालं नाही अजून," मी म्हटलं.

"मग धरून बसा," म्हणाल्या आणि माझ्या तळहातावर ठेवला. स्वतःचा तुकडाही तसाच हातात. त्याही खाईनात.

तो तुकडा हातात घेऊन बसलेय. दुसऱ्या हाताने लिहितेय. अजून कोमट आहे. आजवर एवढा हेवा केला तो याचा, आणि चव माहीत नाही. नुसत्या वासावर आणि फोटोवर.

आतून बाळ रडल्याचा आवाज आला.

वि.बांनी माझं मनगट धरलं. कुणाचं बाळ ते? आत दोघी आहेत, ऋतूच्या आधी एक निलंग्याची पोरगी नेली होती. तिची आई पलीकडच्या बाकावर उठून उभी राहिलीय, ती पण आमच्याकडेच बघतेय. दार बंद. कुणी येत नाही सांगायला.

मी तुकडा तोंडात टाकला.

मऊ आहे. ओवा आहे. मीठ कमी आहे. माझ्यात बरोबर असतं. वि.बा. माझ्या तोंडाकडे बघतायत, काय म्हणते म्हणून, आणि मला रडू येतंय. "चांगला आहे," म्हटलं. मग त्यांनीही खाल्ला.

दाराची कडी वाजली. आम्ही तिघी उभ्या.